कुत्रा, कायदा आणि आपलं आवार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात २६ जानेवारी २०२६ रोजी केलेले भाषण)



मला विषय दिला होता 'पंचवीस वर्षांच्या आठवणी'. मी म्हटलं, आठवणी सगळेच सांगतील, मी कुत्र्यांवर बोलतो. काही जण हसले. पण गेल्या दोन-तीन जनरल बॉडी आठवून बघा. लीकेजवर झाली नाहीत एवढी भांडणं कुत्र्यांवर झाली.

आधी माझी चूक कबूल करतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ट्रेझरर होतो. बी विंगखालच्या चार कुत्र्यांना एका रात्री टेम्पोत घालून मुंबईबाहेर सोडलं. व्हाउचरवर लिहिलं 'आवार साफसफाई', आणि खाली सही माझी. जन्मभर बँकेत दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली आणि घरी खोटी नोंद केली. कामही बेकायदाच होतं.

बरं, फायदा काय झाला? दोन महिन्यांत मोकळी जागा बघून पाच नवे आले. जुने चार नसबंदी झालेले, लस टोचलेले, माणसं ओळखणारे होते. नव्यांना आपण परके. त्यातल्याच एकाने आपल्या वॉचमनची पोटरी फोडली. त्याला के.ई.एम.ला मीच घेऊन गेलो. इंजेक्शन घेताना तो एवढंच म्हणाला, "साहब, पुराने वाले अच्छे थे." ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

हा घोळ मुंबईला नवा नाही. इंग्रजांच्या काळात इथे ठरावीक महिन्यांत भटके कुत्रे मारायची मुभा होती आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशाच्या लोभाने घरातली पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. ६ जून १८३२ रोजी कोटात दंगल पेटली आणि बाजार बंद पडला. पुढेही १९९४ पर्यंत महापालिका कुत्रे मारतच होती. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं मारून बघितलं. कुत्रे काही संपले नाहीत. मग नसबंदीचा मार्ग आला.

आज कायदा काय म्हणतो? २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. दुसऱ्या गल्लीत नाही, भिवंडीला तर नाहीच. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. फक्त पिसाळलेला किंवा आक्रमक कुत्रा परत सोडायचा नाही. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं अशा जागांसाठी वेगळा आदेश झाला: तिथले कुत्रे हलवायचे आणि परत तिथे सोडायचे नाहीत. त्या यादीत आपल्यासारख्या सोसायट्या नाहीत.

खायला घालणाऱ्या ताईंना माझी विनंती. खायला घालणं गुन्हा नाही, पण जागा ठरवूनच. मुलं खेळतात तिथे नको, गेटवर नको, जिन्यात नको. वेळही म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या येण्याजाण्याची नको. ही जागा ठरवण्याची जबाबदारी नियमाने सोसायटीवर टाकली आहे. आपण ती आजवर टाळली, आणि दोष मात्र ताईंना दिला.

आता पाळीव कुत्र्यांचे मालक. कुत्रा पाळू नका असा ठराव सोसायटी करू शकत नाही, लिफ्टलाही मनाई करता येत नाही. पण हक्काबरोबर जबाबदारी येते. महापालिकेचं लायसन्स, दरवर्षी लस, बाहेर पडताना गळ्यात पट्टा, आणि घाण केली तर स्वतः उचलायची. "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य कोर्टात चालत नाही. वरळीत २०१८ साली एका इमारतीच्या लिफ्टमध्ये मालकाने हस्की आत घेतला. आत लहान मूल होतं, थांबा म्हणून सांगितलं तरी ऐकलं नाही. कुत्रा मुलाच्या वडिलांना चावला. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. नव्या न्याय संहितेत कलम २९१ आहे: जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि मुलांनो, हे नीट ऐका. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा आला तरी घरी लपवायचं नाही, आई रागावणार नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच महापालिकेचा दवाखाना गाठायचा. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आता दंडात चार-पाच. पण एकही चुकवायचं नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही.

शेवटी कमिटीला एक सूचना. खायला घालायची एक जागा ठरवा. आवारातल्या कुत्र्यांचं रजिस्टर ठेवा: कुणाची नसबंदी झाली, लस कधी टोचली. खर्च आला तर पहिली वर्गणी माझी घ्या. फक्त यावेळी व्हाउचरवर खरं हेड लिहा: 'कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण'. म्हणाल तर सही करायला मी येतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.