परत आलेल्या तबकड्या
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आवडत्या गायकाची नवी रेकॉर्ड विकत घ्यायची, जपून घरी आणायची, एकदा ऐकायची आणि पुन्हा पाकिटात घालून दुकानदाराला नेऊन द्यायची, असं आपल्यापैकी फारसं कुणी केलं नसेल. नाही आवडली तर ती कपाटात मागे पडते, इतकंच. पण १९७३ साली ब्राझीलमध्ये लोकांनी नेमकं हेच केलं. तेही इतक्या मोठ्या संख्येनं, की परत आलेल्या प्रतींचा विषय निघाला की तिथे आजही त्याच तबकडीचं नाव घेतात. तिचं नाव ‘आरासा आझूल’. आरासा म्हणजे पेरूच्या जातीतलं एक लहान फळ आणि आझूल म्हणजे निळा. निळा पेरू! नावातच विचित्रपणाची सूचना होती म्हणा ना.

गायक होता कायतानो व्हेलोझो. जन्म १९४२ चा, बाहिया राज्यातल्या सांतो आमारो या गावचा. हा सगळा उसाचा मुलूख. बाहियाची राजधानी साल्वादोर. तिथल्या गोदी कामगारांनी १९४९ साली गांधीजींच्या नावानं कार्निव्हलचं एक पथक काढलं. पांढरे फेटे बांधून ते अजूनही निघतं. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांमधून अल्मोदोवारचा ‘टॉक टू हर’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातलं ते संध्याकाळच्या मैफलीतलं कबुतराचं गाणं आठवत असेल. ते गाणारा पिकल्या केसांचा सडसडीत माणूस म्हणजेच कायतानो.

आता हे परतीचं प्रकरण समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. चाहत्यांचा राग या माणसाला नवा नव्हता. सप्टेंबर १९६८ मध्ये साओ पावलोच्या एका गीत महोत्सवात विजेच्या गिटारी घेऊन तो उभा राहिला, तेव्हा समोरच्या विद्यार्थ्यांनी त्याला हुर्यो करून गाऊ दिलं नाही. देशात लष्करी राजवट होती आणि विद्यार्थी डाव्या विचारांचे होते. त्यांना गाण्यातून लढा हवा होता, तोही देशी वाद्यांवर. गिटारीतली वीज म्हणजे अमेरिकेची चाकरी, असा सरळ हिशेब. पाठ फिरवून लोक उभे राहिले, वस्तू फेकल्या गेल्या. कायतानोनं गाणं सोडलं आणि तिथेच त्यांना झाडलं. राजकारणातही तुम्ही असेच असाल तर आपलं काही खरं नाही, असा त्याचा रोख होता. या साऱ्या गोंधळाची पुढे रेकॉर्ड निघाली, हे आणखी एक.

गंमत अशी, की ज्यांना तो पुरेसा बंडखोर वाटला नाही त्यांना लष्करानं लवकरच उत्तर दिलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायतानो आणि त्याचा मित्र झिल्बेर्तो झिल, दोघांनाही अटक झाली. आधी तुरुंग, मग नजरकैद आणि मग हद्दपारी. १९६९ ते १९७२ दोघंही लंडनमध्ये होते. दूर गेलेल्या माणसावर लोकांचं प्रेम वाढतं. १९७२ च्या जानेवारीत तो परतला तेव्हा तो सगळ्यांचा लाडका होता. लंडनमध्ये केलेली ‘ट्रान्झा’ आली, ती गाजली. शिको बुआर्के या तितक्याच लोकप्रिय कवी-गायकाबरोबर साल्वादोरला केलेल्या कार्यक्रमाची रेकॉर्डही लोकांनी उचलून धरली.

आणि यानंतर आला हा निळा पेरू.

चाहत्यानं घरी येऊन सुई ठेवली, तर पहिला आवाज कायतानोचा नाहीच. एक वयस्कर बाई गातेय. या सांतो आमारोच्या एदित बाई. जेवणाच्या ताटलीवर सुरी घासून त्या ताल धरायच्या. पुढच्या तुकड्यात शब्दच नाहीत. कण्हणं, पुटपुटणं, एकावर एक चढवलेले आवाज. एका चित्रपटाला असंच कण्हण्याचं पार्श्वसंगीत दिल्यानंतर त्याला ही दिशा सुचली होती. मग रस्त्यावरचे आवाज, मध्येच वाद्यवृंद, मध्येच बालपणीच्या गावचा सांबा. एक तुकडा तर दहा मिनिटांच्या आसपास चालतो. वेष्टनाच्या आत लिहिलं होतं, की ही तबकडी जाणकारांसाठी आहे. म्हणजे ज्यानं पैसे मोजले त्यालाच वर शालजोडीतला!

अशा वेळी परत करणाऱ्यांना हसणं सोपं आहे. काळाच्या पुढची कलाकृती, लोकांना कळली नाही, वगैरे आपण लगेच म्हणतो. मला ते पटत नाही. हे लोक अडाणी नव्हते. ज्या गायकासाठी तीन वर्षं वाट पाहिली त्याचा आवाज त्यांना हवा होता, आणि तो आवाज त्यात फार कमी होता. ही तबकडी मी अनेकदा ऐकली आहे. एदित बाईंचं गाणं आणि शेवटचं छोटं गाणं सोडलं, तर मलाही ती अजून सबंध आवडते असं म्हणवत नाही. पण एक खरं. त्या ताटलीचा आवाज ज्यांनी तेव्हा दुकानात परत केला, त्याच आवाजाला पुढे मान मिळाला. एदित बाईंचा स्वतःचा अल्बम निघाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

कायतानोनं त्यातून काय घेतलं? १९७५ साली त्यानं एकदम दोन तबकड्या काढल्या. एक प्रयोगाकडे झुकणारी, दुसरी लोकांना आपली वाटेल अशी. हट्ट सोडला नाही, पण समोर माणसं बसली आहेत हेही तो विसरला नाही.

पुढची तीसेक वर्षं मी भरभर सांगतो. मधल्या काळात तो ब्राझीलचा मोठा माणूस झाला. १९९० नंतर झाक मोरेलेनबाउम या चेलोवादकाच्या साथीनं त्यानं फार मऊ, रेशमी संगीत केलं. स्पॅनिश गाणी गायला, इंग्रजी गाणीही गायला. ‘प्रेंदा मिन्या’ या मैफलीच्या अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरी पाहुणे आले की लावावा, असा कायतानो. चाहतेही त्याच्याबरोबर वयानं वाढले आणि स्थिरावले.

मग २००६ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यानं ‘से’ काढला. से म्हणजे ‘तू’. मूळ शब्द ‘व्होसे’. ब्राझीलमध्ये बोलताना त्याचं शेपूट तेवढं उरतं. गोव्यातल्या ज्येष्ठ मंडळींनी शाळेत शिकलेली पोर्तुगीज ही पोर्तुगालची, तिच्यात हे घरगुती रूप सहसा भेटायचं नाही.

या अल्बममध्ये चेलो नाही. गिटार, बास, ड्रम, एवढाच संसार. वाजवणारी मुलं त्याच्या मुलाच्या वयाची. किंबहुना निर्मिती त्याचा मुलगा मोरेनो आणि मोरेनोचा मित्र, गिटारवादक पेद्रो सा यांचीच. आवाज कोरडा, टोकदार. गाणी बारा, सगळी स्वतः लिहिलेली. आणि विषय? नुकताच संसार मोडलेल्या माणसाचे विषय. वासना, एकटेपणा, राग, म्हातारं होत जाणारं शरीर. ‘पुरुष’ या अर्थाच्या नावाचं एक गाणं आहे. बायकांच्या कोणकोणत्या गोष्टींचा आपल्याला हेवा वाटत नाही आणि कशाचा वाटतो, याची तो त्यात यादीच देतो. ती मी नभोवाणीवर वाचून दाखवू शकत नाही.

चाहत्यांमध्ये तट पडले. ज्यांनी आधीचे अल्बम जपून ठेवले होते, त्यातल्या कित्येकांना हे रुचलं नाही. माझ्या मते त्यांची अडचण गिटारीची नव्हतीच. चौसष्टीच्या माणसानं निवांत असावं, आणि त्याच्याकडे पाहून आपल्यालाही थोडं निवांत वाटावं, अशी आपली अपेक्षा असते. मैफलीत आपण जुन्याच गाण्याची फर्माईश का करतो? ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हाचे आपण त्यात असतो. इथे गायक उलट सांगत होता, की वय झालं म्हणून आतलं काही शांत वगैरे होत नाही. हे ऐकायला पन्नाशीतल्या श्रोत्याला नको वाटलं, तर त्यात नवल काय? मी स्वतः पहिल्या दिवशी दोन-तीन गाणी ऐकून तो बंद केला होता. सहा महिन्यांनी पुन्हा लावला, तेव्हा कुठे लक्षात आलं, की आवाज तोच आहे, तितकाच गोड आहे. फक्त गोड बोलायला त्याच्याकडे काही नाही.

तरुणांना मात्र तो लगेच लागला. त्यांच्याकडे जपायला जुना कायतानो नव्हता. या चौघांनी मिळून पुढे २००९ आणि २०१२ साली आणखी दोन अल्बम केले. ‘से’ला २००७ मध्ये लॅटिन ग्रॅमीही मिळालं, पण पारितोषिकांवर मी फार विसंबत नाही.

या अल्बममधलं आठवं गाणं ‘ओदेयो’. अर्थ, ‘मी द्वेष करतो’. चाल इतकी हळुवार, की भाषा कळली नाही तर अंगाईच वाटावी. अल्बम आला तेव्हा हे गाणं सगळ्यात खाजगी वाटलं होतं. दोन माणसांच्या मोडलेल्या घरातलं भांडण, ते आपण का ऐकायचं?

मे २०१६ मध्ये ब्राझीलचे हंगामी राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर यांनी सांस्कृतिक खातं वेगळं न ठेवता शिक्षण खात्यात विलीन केलं. कलावंतांनी निषेध म्हणून रिओमधली कापानेमा ही सरकारी इमारत ताब्यात घेतली. तिथे कायतानो गायला आला आणि त्यानं हे गाणं घेतलं. ध्रुवपद आलं तसा समोरचा जमाव त्याच्याबरोबर गाऊ लागला, आणि ‘तुझा द्वेष करतो’ म्हणताना त्यांनी पुढे तेमेर यांचं नाव जोडलं. थोड्याच दिवसांत सरकारनं ते खातं पुन्हा वेगळं केलं.