विमानाच्या प्रतिकृतीची खिडकी

विमानाची लहानशी प्रतिकृति घरांत करूं पाहणारे पुष्कळ असतात; परंतु तिच्या खिडक्या ज्यांना नीट साधतात असे थोडे. पंख जोडतां येतात, रंग देतां येतो, चाकेंहि जागच्या जागीं बसतात. खिडकीपाशीं मात्र सरावलेला हातहि अडखळतो. तिनें आंतलें स्पष्ट दाखवावें आणि स्वतः मात्र विमानाच्या अंगाशीं अगदीं सपाट मिळून जावें, अशी दुहेरी अपेक्षा असते.

जालन्याकडील हौशी माणसास प्रतिकृतीसाठीं डेक्कन एअरवेजच्या डाकोटाइतकें जवळचें विमान सांपडणें कठीण. जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ सालीं झाला. परंतु १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत मोडत असे, आणि ही कंपनी त्याच संस्थानानें टाटांच्या सहकार्यानें १९४५ सालीं काढली होती. १९५३ सालीं विमानवाहतुकीचें राष्ट्रीयीकरण झालें आणि ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. आतां तिचें नांवहि क्वचितच कानावर येतें. ज्या विमानांतून माणसें गेलीं आलीं, त्याच्या खिडक्या प्रतिकृतीवर नुसत्या काळ्या रंगानें रंगविल्या, तर पाहणाऱ्यास तें खेळणें वाटतें. आंत आसनें दिसलीं, कीं त्यांवर बसलेलीं माणसेंहि डोळ्यांपुढें येतात.

प्रतिकृतींचें एक सर्वमान्य प्रमाण १/७२ हें आहे. म्हणजे ६ फुटांस १ इंच. दुसऱ्या महायुद्धांत शत्रुमित्रांचीं विमानें ओळखण्यास शिकवितांना ह्याच प्रमाणाच्या प्रतिकृति वापरीत. डाकोटाचा सुमारें ९५ फुटांचा पंखविस्तार ह्या हिशेबानें १६ इंचांत मावतो. दीड फुटाची खिडकी पाव इंचाची होते. प्लॅस्टिकची भिंत मात्र हा हिशेब जुमानीत नाहीं. ती १ मिलिमीटर जाड धरली, तर खऱ्या विमानांत ती ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३ इंच व्हावी! खरें विमान तर पातळ पत्र्याचें. त्यामुळें आंतून पारदर्शक तुकडा डकविला, कीं खिडकी जुन्या वाड्याच्या भिंतींतील कोनाड्यासारखी खोल दिसते.

ह्यावर एक सोपा उपाय म्हणजे भोंकावर पांढऱ्या डिंकाचा पापुद्रा ताणणें. वाळल्यावर तो पारदर्शक होतो. परंतु आटून मध्यभागीं खोलगट बसतो. म्हणून तो अगदीं लहान, वाटोळ्या खिडक्यांनाच शोभतो.

डाकोटासाठीं कष्टाचा मार्ग बरा. विमानाच्या धडाचे दोन्ही अर्धभाग सुटे असतांनाच खिडक्यांचीं भोंकें कानशीनें साफ करावीं. भिंतीहून किंचित् जाड अशा अ‍ॅक्रिलिकचे तुकडे त्यांत घट्ट बसतील असे कापावे. तुकड्याच्या कडांना काळा रंग द्यावा, म्हणजे जोड चमकत नाहीं. तुकड्याची मूळची चकचकीत बाजू आंत ठेवावी. कारण धड मिटल्यावर त्या बाजूस पुन्हां हात लागणार नाहीं. तुकडा बाहेरून थोडा वर राहूं द्यावा.

चिकटविण्याच्या द्रव्याची निवड येथें महत्त्वाची. क्षणांत घट्ट होणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेटच्या वाफा पारदर्शक भागावर बसून पांढुरकें धुकें धरतें. त्यापेक्षां दोन नळ्यांतील द्रव्यें मिसळून होणारा, सावकाश घट्ट होणारा एपॉक्सी वापरावा आणि त्यास एक दिवस स्वस्थ राहूं द्यावें.

नंतर घासण्याचें काम. बारीक कानशीनें वर आलेला भाग उतरवावा. मोटारींना रंग देणारे कारागीर पाणी लावून वापरतात तो कागद घ्यावा आणि ४००, ६००, १००० व २००० अशा क्रमानें भिंत व खिडकी एकत्रच घासावी. सपाट तुकडा असा हळूहळू धडाची गोलाई घेतो. ह्या वेळीं खिडकी दुधासारखी आंधळी होते, आणि नवशिका येथेंच घाबरून काम टाकतो. परंतु प्रत्येक कागदानें आधींच्या कागदाचे ओरखडे पुरते नाहींसे केले, तर शेवटीं दांतांच्या पेस्टनें मऊ फडक्यावर चोळतांच पारदर्शकता परत येते. एखादी पायरी गाळली असेल, तर तिचा ओरखडा याच वेळीं उघडा पडतो. घासण्यानें आसपासच्या पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा पुसल्या जातात. त्या सुईनें पुन्हां कोराव्या.

मग आंतील रंग व आसनें पुरीं करून, खिडक्या आंतून एकदां पुसून धड मिटावें. एकदां तें मिटलें, कीं आंत राहिलेलें बोट किंवा धुळीचा कण कायमचा. खिडक्यांवर मापानें कापलेली चिकटपट्टी लावावी, बाहेरचा रंग द्यावा आणि तो वाळल्यावर पट्टी टोंकापासून हळूच सोलावी.

पहिला प्रयोग टाकाऊ प्लॅस्टिकच्या तुकड्यावर करावा. एका खिडकीस एक संध्याकाळ लागली, तरी ती वायां गेली असें मानूं नये. रांगेंतील शेवटची पट्टी निघाल्यावर विमान दिव्यासमोर आडवें धरावें. उजेड एका बाजूनें शिरून आसनांवरून दुसऱ्या बाजूस निघाला आणि धडावरून फिरणाऱ्या बोटास खिडकी कोठें सुरू झाली तें कळलें नाहीं, म्हणजे काम साधलें.