वेदी आणि चूल

यरुशलेमचे मंदिर रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले, तेव्हा यहुदी लोकांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. बलिदान, अर्पण, प्रायश्चित्त हे सारे तेथील वेदीशी निगडित होते. ती वेदीच नाहीशी झाल्यावर उपासना कोठे करावयाची? तालमूद या ग्रंथातील धर्मपंडितांनी यावर दिलेले उत्तर श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मंदिर होते तोवर वेदीच्या योगे मनुष्याचे पापक्षालन होत असे. आता ते त्याच्या जेवणाच्या मेजाने होते, असे ते म्हणतात. ज्या मेजावर भुकेल्यालाही घास मिळतो, तीच आता वेदी!

हा विचार नुसता ग्रंथात राहिला नाही. तो स्वयंपाकघरात उतरला. मंदिरातील अर्पणाला मीठ लावीत, म्हणून घरी भाकरीचा पहिला तुकडा मिठाला लावून खातात. पीठ मळल्यावर गृहिणी त्यातला लहानसा गोळा बाजूला काढते. पूर्वी तो याजकाचा वाटा असे. आता तो जाळून टाकतात. प्राण्याचे जीवन रक्तात आहे आणि जीवन ईश्वराचे आहे, म्हणून मांस मीठ लावून रक्तरहित केल्यावाचून शिजवीत नाहीत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात तीन वेळा आली आहे. तिच्यावरून मांस व दूध एकत्र न करण्याचा नियम निघाला. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी रांधणे आटोपते आणि शनिवारी चूल पेटवीत नाहीत. हात चालविण्याइतकेच हात आवरणेही येथे धर्मकृत्य ठरते.

या शिकवणीची खरी कसोटी आपल्या कोकणात लागली. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पुढे दाविद राहाबी नावाचा एक यहुदी तेथे आला. हे आपलेच बांधव काय, हे पाहण्यासाठी त्याने तेथील स्त्रियांना नाना जातींचे मासे रांधावयास दिले. त्यांनी पर व खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे दूर सारले. नियमशास्त्रातील नियम नेमका हाच! त्या स्त्रियांजवळ ग्रंथ नव्हता. सासूने सुनेला आणि आईने लेकीला दिलेले वळण मात्र होते.

या समाजाने सणांनाही अन्नाचीच नावे दिली. ‘खिरीचा सण’ आणि ‘बिरड्याचा रोजा’ ही त्यांतलीच. नवस फेडताना आणि मंगल प्रसंगी संदेष्टा एलिया याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा मांडतात आणि ईश्वराचे आभार मानून तो सर्वांना वाटतात. मांसाच्या कालवणात दूध-दही चालत नाही. तेथे कोकणचा नारळ कामी आला. नियम यरुशलेमचा, रस नारळाचा. दोहोंत विरोध उरला नाही.

१९४८ मध्ये इस्राएल राज्य स्थापन झाल्यानंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. मलिद्याची प्रथा त्यांनी तेथेही राखली आहे. मंदिर पडते, ग्रंथ बुडतो, देश सुटतो; परंतु कृतज्ञतेने रांधलेले आणि वाटून खाल्लेले अन्न श्रद्धेला तगवून धरते. ज्या हातांनी हे साधले, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.