रसायनाचा तास



जून संपता संपता विदर्भातल्या शाळा उघडतात. गेल्या वर्षी त्याच सुमारास, आमच्या कारंज्यात, शेजारचे एक शेतकरी संध्याकाळी माझ्याकडे आले. ओट्यावर टेकले नि म्हणाले, "सर, पोरगी नववीत गेली. आता रसायन हाय म्हन्ते. तिले झेपन का हो थे?"

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम. ए. झालेल्या माणसाला रसायनाचे विचारणे म्हणजे सुताराला मडके मागण्यासारखेच. परंतु गावात जो शिकवतो तो सगळेच शिकवतो, असा समज असतो. मी वेळ मारून नेली. मग मात्र चैन पडेना. मुलीचे पुस्तक मागून आणले आणि आमच्या रसायनाच्या सहकाऱ्यांपाशी चार-सहा संध्याकाळी बसलो. आज सांगणार आहे ते सारे या उसनवारीतले.

माझ्या स्वतःच्या शाळेत रसायनाची कपाटे होती, कुलपांसकट. काचेतून बाटल्या दिसत. परीक्षेत आम्ही 'निळा लिटमस कागद तांबडा होतो' असे लिहून गुण मिळवले. तो कागद मी पाहिला तो थेट यंदा. तेव्हा या विषयाची धास्ती कुठून येते हे मला ठाऊक आहे. न पाहिलेल्या वस्तूंची नावे पाठ करायची म्हटली की कोणालाही धास्ती वाटेल.

वास्तविक या विषयातल्या निम्म्या वस्तू आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. हळदीचा डाग साबणाने धुऊ लागलो की लाल होतो, हे कोणत्या गृहिणीला माहीत नाही? त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. साबणाचे पाणी आम्लारीधर्मी, लिंबू आम्लधर्मी आणि हळद ही त्यांची ओळख पटवणारी पंच. पूर्वी हळदीवर अशीच प्रक्रिया करून कुंकू करीत. नववीच्या पुस्तकातला आम्ल-आम्लारीचा धडा तो हाच.

आता पाण्याचे पाहा. आपल्याकडे पुष्कळ विहिरींच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, आणि पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरे कीट धरते. आपण म्हणतो, पाणी जड आहे. हे जडपण म्हणजे काय, ते वर्गात पाच रुपयांत दाखवता येते. शिक्षकमित्रांनी हे जरूर करावे. पानाबरोबरचा चुना थोडा घ्या, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा नि सकाळी वरची निवळी काढून घ्या. तिच्यात नळीने हळूच फुंकर घाला. मात्र ओढायचे नाही, हे मुलांना आधी बजावा. निवळी दुधासारखी होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून चुनखडी तयार होते, तिचे हे कण. बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच थांबतो. तुम्ही थांबू नका. फुंकत राहा, भरपूर वेळ. दुधी रंग जातो, पाणी पुन्हा नितळ दिसू लागते. चुनखडी आता बायकार्बोनेट होऊन पाण्यात विरघळली. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात की नाही? पावसाचे पाणी हवेतला नि मातीतला हाच वायू घेऊन त्यांच्यावरून झिरपते आणि विहिरीत असेच नितळ पण जड होऊन उतरते. ते नितळलेले पाणी उकळा, पुन्हा गढूळ होईल. भांड्याचे कीट ते हेच!

हे मी स्वतः करून पाहिले. पहिल्या खेपेला फसले, कारण चुना जुना नि उघडा राहिलेला होता. हवेतल्या वायूने त्याची आधीच चुनखडी करून टाकली होती. फसलेला प्रयोगही काही सांगत असतो, आणि वहीत तो तसाच लिहायचा असतो. पुस्तकात जे 'व्हायला हवे' ते उतरवून काढणाऱ्या मुलाला पूर्ण गुण देण्याची आपली रीत मला तरी पटत नाही.

मग येते ती नवी लिपी. सोडियमला 'एन ए' का म्हणायचे, लोखंडाला 'एफ ई' का? ही चिन्हे नेट्रियम आणि फेरम या लॅटिन नावांची आद्याक्षरे आहेत, एवढे सांगितले तरी मुलाचा निम्मा राग जातो. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी हे शास्त्र मराठीत आणायला पुस्तके लिहिली. आमच्या वडीलधाऱ्यांना ऑक्सिजन 'प्राणवायू' म्हणूनच ठाऊक होता. आज अडचण निराळी आहे. मराठीतून दहावी झालेले मूल अकरावीला विज्ञानाकडे गेले की बहुतेक ठिकाणी सारे इंग्रजीतून सुरू होते. 'उत्प्रेरक' चांगला समजलेला मुलगा 'कॅटॅलिस्ट'पाशी गप्प बसतो आणि त्याला वाटते, आपल्याला रसायन येत नाही. त्याला रसायन येत असते, शब्द येत नसतो. म्हणून नववीपासून फळ्यावर दोन्ही शब्द लिहावेत.

या लिपीनंतर खरा डोंगर म्हणजे हिशेब. तो मुलीच्या वडिलांना मी युरियाच्या पोत्यावर करून दाखवला. युरियाच्या एका रेणूत कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजनचे दोन अणू मिळून २८, हायड्रोजनचे चार मिळून ४. एकूण भार ६०. साठात अठ्ठावीस म्हणजे शंभरात साडेशेहेचाळीसच्या थोडे वर. पोत्यावर ४६ टक्के छापलेले असते. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात नत्र जवळजवळ २१ किलो. ते म्हणाले, "म्हंजे पोत्यावरचा आकडा यातूनच येते?" यातूनच.

आणि एक सांगायलाच हवे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी नि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. औषधाच्या डब्यावर एक चौकट असते, तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात, की नळीला नाक लावू नये, हाताने वारा घेऊन वास घ्यावा. काही चाखू नये. सांगितल्याशिवाय दोन द्रव एकत्र करू नयेत. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. हे नियम मुलांनी घरी जाऊन बापाला सांगावेत. दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवण्याची आपली सवय त्याच वर्गात मोडू शकते.

पोळ्याच्या सुमारास ती मुलगी खताच्या पोत्याचा तुकडा घेऊन आली. त्यावर १०:२६:२६ छापलेले. "सर, युरियासारखा मी याचा हिशेब मांडला. मधला २६ हा आकडा फॉस्फरसचा ना? मग जमत का नाही?" मला येईना. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना विचारले. ते हसले नि म्हणाले, मधला २६ हा शुद्ध फॉस्फरसचा नव्हे, त्याच्या ऑक्साइडच्या रूपाने मोजण्याचा प्रघात आहे, पालाशचेही तसेच. ऑक्साइडच्या १४२ भागांत फॉस्फरस ६२. तेव्हा शंभर किलो खतात शुद्ध फॉस्फरस अकरा किलोंच्या थोडा वर.

मी हे तिला सांगायला गेलो, तर तिने पाटीवर १४२ आधीच मांडले होते.