आधी गाणी, मग पेटी

आमच्या पनवेलच्या घरात २००७ साली घेतलेला एक संगणक आहे. त्याची पेटी एकेकाळी पांढरी होती, आता चहाच्या रंगाची झाली आहे. मुलगी तिला ‘अब्बांचं म्हातारं’ म्हणते. कविता मी अजूनही कागदावरच लिहितो. तरीही ही पेटी भंगारवाल्याला दिली नाही, कारण तिच्या पोटात माझ्या अम्माची गाणी होती.

आम्हा कोकणी मुसलमानांकडे हळदीच्या रात्री बायका आपल्या बोलीत गाणी म्हणतात. अम्माला अशी साठेक गाणी पाठ होती. २००८ च्या पावसाळ्यात ती पानाचा डबा घेऊन माझ्या खुर्चीशेजारी बसायची, आणि मी एका बोटाने टाइप करायचो. मध्येच म्हणायची, “हा शब्द असा नाय रे, पूस तो.” २०११ साली ती गेली. गाण्यांची एक सीडी करून ठेवली होती. काही वर्षांनी काढून पाहिली तर तिच्यावर बुरशीचे ठिपके पडलेले, वाचलीच जाईना. पेटीत आहेत ना, असं म्हणून मी निर्धास्त राहिलो.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच. आतून मात्र लांब शिट्टी वाजत राहिली, थांबून थांबून. मग आपण सगळे करतो तेच मी केलं. बंद केलं, चालू केलं. वीसेक वेळा तरी. सांगायला लाज वाटते, पण पेटीला दोन थापाही मारल्या. शेवटी रिक्षात घालून एका दुकानात नेली. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, “याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीन घ्या.”

एस.टी. स्टँडजवळच्या एका लहानशा गाळ्यात दुरुस्ती करणारा एक तरुण मला कुणीतरी सुचवला. हा मुलगा काम शिकला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. त्या रस्त्याचं नाव बदलून डॉ. भडकमकर मार्ग झालं त्याला किती वर्षं लोटली, पण संगणकाचे सुटे भाग घेणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा : “चाचा, पेटी वाचवायची आहे की आतला माल?”

मी म्हटलं, “माल.”

“मग आता बटणाला हात लावायचा नाही. आधी डिस्क बाहेर काढू.”

माझ्या वीस वेळच्या चालू-बंदचा अर्थ मला तेव्हा कळला. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. तिच्यावरून वाचणारी सुई, म्हणजे हेड, इतक्या कमी अंतरावरून तरंगते की त्या फटीत केसाच्या जाडीचा हजारावा हिस्साही मावणार नाही. डिस्क म्हातारी झाली असेल, तर चालू करण्याचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे एकेक पान फाटण्याचा धोका. आणि मी वर थापा मारत होतो!

डिस्क काढून त्याने रुमालावर ठेवली आणि मग शिट्टीकडे वळला. ती शिट्टी म्हणजे यंत्राने केलेली तक्रारच. सुरू होताना संगणक आपले अवयव तपासतो. त्या वेळी पडदा अजून जागा नसतो, म्हणून जे काय सांगायचं ते तो आवाजाने सांगतो. आवाजांचे अर्थ कंपनीगणिक वेगळे. पण लांब शिट्टी पुन्हापुन्हा आली की बहुधा रॅम सापडत नाही असं समजायचं. त्याने वायर काढली, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या सोनेरी कडा चक्क शाळेतल्या खोडरबराने हलकेच पुसल्या. मग एकच पट्टी बसवली. शिट्टी थांबली! पनवेलच्या दमट हवेत या कडांवर अंधूक थर चढतो, आणि तेवढ्यानेही संपर्क तुटतो. मी दुसरी पट्टी लगेच पुढे केली, तर म्हणाला, “थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने चाललं ते कळत नाही.” कवितेची ओळ दुरुस्त करतानाही मला हे फार उशिरा उमगलं होतं.

आता पडदा उजळला, पण तारीख दाखवत होता १ जानेवारी २००२. हा दोष सगळ्यांत स्वस्त. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी तीन व्होल्टची एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. संगणक बंद असताना घड्याळ चालतं ते तिच्या जिवावर. ती बदलली.

आणि दहा मिनिटांनी पेटी आपोआप विझली. पंख्यात धूळ होती, ती साफ केली. तरी विझली. मग त्याने मला टॉर्च धरायला लावून प्रोसेसरच्या शेजारी उभी असलेली इवलीशी नळकांडी दाखवली. हे कपॅसिटर. चारांची डोकी फुगली होती, एकातून तपकिरी रस बाहेर आला होता. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असे कपॅसिटर लाखोंनी विकले गेले. त्यांच्या आतल्या द्रवाचं मिश्रणच सदोष होतं. त्यातून वायू तयार होई आणि डोकं फुगे. धडाका होऊ नये म्हणून डोक्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, तिथून तो निघून जातो. माझ्या पेटीतले त्याच वाणातले होते की केवळ वयाने थकले होते, हे काही आता ठरवता येणार नाही. मुलाने चारही बदलले. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच, आणि उणे टोक उण्याच्या जागी. वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, मात्र त्याने उघडला नाही. प्लग काढला तरी त्याच्या आत बराच वेळ झटका बसेल एवढी वीज साठून राहते. तो घरी उघडू नये, बिघडला तर सबंध बदलावा.

पेटी चालू लागली. पण माझं लक्ष रुमालावर होतं.

डिस्क त्याने पेटीत परत घातलीच नाही. दुसऱ्या चांगल्या संगणकाला ती बाहेरून जोडली आणि एकही फाइल न उघडता आधी सबंध डिस्कची नक्कल सुरू केली. सहज वाचता येईल तो भाग आधी घ्यायचा आणि अडेल तो शेवटी, अशी त्याची रीत. मधूनच टिक्... टिक्... असा आवाज येई आणि माझा जीव खालीवर होई. कुणीतरी मला सांगितलं होतं की अशी डिस्क फ्रीजमध्ये ठेवतात. त्याने कपाळाला हात लावला. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, म्हणाला. नऊ तास लागले. एवढ्या वेळात मी गाळ्यासमोर सहा चहा प्यायलो.

नक्कल झाली. फाइल उघडली, तर गाणं कुठे? इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टिंबं यांचा नुसता गचका. मी मटकन खाली बसलो. पण हे बिघाडाचं काम नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण २००८ मध्येही आमच्यासारखे कितीतरी लोक जुन्या फाँटांत टाइप करत होते. त्यांत संगणकाच्या लेखी साठायची ती इंग्रजी अक्षरंच, फाँट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवायचा. पोशाख नाही, तर ओळख नाही. जुन्या पेटीतून तो फाँट आणला, आणि अम्मा पडद्यावर आली. पुढे सगळं युनिकोडमध्ये बदलून घेतलं. त्यात रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले, पहिल्या वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या. महिनाभर बसून एकेक ओळ मी सुधारली. आता तीन ठिकाणी प्रती आहेत, एक मुलीकडे, एक पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर.

एक फाइल मात्र आली नाही. बारा गाण्यांची होती. डिस्कच्या नेमक्या त्याच जागेवर पान फाटलं होतं, आणि ते आधीचं की माझ्या वीस वेळांमुळे, हे मी त्या मुलाला विचारलं नाही.

म्हसळ्याला माझी खाला असते, वय ऐंशीच्या पुढे. गेल्या महिन्यात वही घेऊन एस.टी.ने तिच्याकडे गेलो. बारापैकी सात तिला येतात. मला एका गाण्याची सुरुवात आठवत होती, ती मी म्हणून दाखवली. खालाने पहिल्याच ओळीला थांबवलं.

“हा शब्द असा नाय,” ती म्हणाली. “तुझ्या अम्माने पहिल्यापासनं चुकीचाच धरलान.”