काजूचे टरफल आणि पोलादाचे कवच



ज्या गावाच्या नावातच पोलाद आहे, त्या गावाला गंजाविषयी सांगायला येणे म्हणजे थोडे धाडसच. मृगापासून हस्तापर्यंत येथे पाऊस कसा कोसळतो आणि एका दिवाळीला रंगवलेले खिडकीचे गज पुढच्या दिवाळीपर्यंत कसे तांबूस होतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आज मला बोलायचे आहे ते या गंजाच्या एका वैऱ्याविषयी. तो अर्धा कारखान्यात तयार होतो आणि अर्धा आपल्या कोकणच्या मातीत उगवतो.

दोन नळ्यांत मिळणारा चिकट पदार्थ आपण सर्वांनी वापरला असेल. एका नळीत इपॉक्सी राळ, दुसरीत हार्डनर. 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी या राळेवर काम केले. 1946 मध्ये ती ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाने बाजारात आली. ही राळ एकटी ठेवली तर काकवीसारखी घट्ट द्रवच राहते. तिच्या रेणूंच्या टोकांना तीन अणूंची ताणलेली कडी असते. हार्डनरमधील अमाइन ही कडी उघडतो आणि तेथे स्वतः जोडला जातो. अशा हजारो गाठी पडल्या की जाळे विणले जाते आणि द्रवाचा दगड होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हार्डनर म्हणजे विरजण नव्हे. विरजण चमचाभर कमीजास्त झाले तरी दही लागते. येथे हार्डनर स्वतःच जाळ्याचा धागा होतो. म्हणून त्याचे प्रमाण मोजूनच घ्यावे लागते. एका श्रावणात घराच्या कठड्याला असा रंग देताना ‘लवकर वाळावा’ म्हणून मी हार्डनर दुप्पट घातला. पंधरा दिवसांनीही बोट लावले की ठसा उमटे! घाई माझी होती, रंगाचा दोष नव्हता.

आता हा हार्डनर येतो कोठून? साध्या अमाइनांना दमट हवा सोसत नाही. हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी त्यांचा संयोग होऊन पृष्ठभागावर पांढुरका, चिकट थर येतो. यावर रसायनज्ञांनी वनस्पतींच्या तेलाचा आधार घेतला. सोयाबीन, जवस यांसारख्या तेलांतील मेदाम्लांचे दोन दोन रेणू जोडले की छत्तीस कार्बनांचे मोठे आम्ल मिळते. त्यापासून पॉलिअमाइड जातीचे हार्डनर बनतात. लांब तेलकट साखळीमुळे थर लवचिक होतो आणि पाण्याला दूर ठेवतो.

दुसरी वाट आपल्या अंगणातून जाते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू कोकणात असा रुजला की तो परका आहे, हे आपण विसरून गेलो. गर आपण खातो. टरफलात मात्र दाहक तेल असते. ते तापवले की त्यातील अ‍ॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरते. त्याच्या रेणूत फेनॉलचे डोके आणि पंधरा कार्बनांची शेपटी असते. कार्डानॉल, फॉर्मल्डिहाइड आणि अमाइन यांची सांगड घातली की ‘फेनाल्कामाइन’ तयार होतो. डोके अभिक्रियेला वेग देते, शेपटी पाणी अडवते. म्हणून हा हार्डनर थंडीतही आणि ओलसर पृष्ठभागावरही काम करतो. जहाजांच्या रंगांत त्याला मान आहे तो यामुळेच. त्याचा रंग तांबूस तपकिरी असतो आणि उन्हात तो अधिक काळवंडतो. तेव्हा तो खालच्या थराला योग्य. वर ऊन सोसणारा दुसरा थर हवा.

पण ‘वनस्पतिजन्य’ म्हटले की ‘निरुपद्रवी’ असे समजू नका. काजू हा बिब्याचा भाऊबंद. बिबा उतला की अंगाचे काय होते, ते घरोघरच्या आजीला माहीत आहे. काजूबी फोडणाऱ्या बाया हाताला तेल किंवा राख चोळून बसतात, तरी कातडी सोलवटते. कारखान्यात फॉर्मल्डिहाइड आणि अमाइन हाताळणाऱ्या कामगाराला तर अधिक धोका. शिवाय ज्या राळेशी हा हार्डनर जोडायचा, ती बहुधा खनिज तेलापासूनच आलेली असते. शेजारी महाडला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. सावित्रीच्या काठी राहणाऱ्यांनी पिंपावरील झाडाचे चित्र पाहून समाधान मानू नये. आत काय आहे आणि सांडपाणी कोठे जाते, हे विचारावे.

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. घरी हा रंग वापराल तर वजन करून मिसळा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. काजूच्या बागाईतदाराने टरफलाला कचरा समजू नये. त्यात एक उद्योग आहे. आणि त्या उद्योगातून पैसा निघेल तेव्हा टरफल फोडणाऱ्या हातांना पहिला मोजा मिळावा. पोलादाला कवच चढवणाऱ्या विद्येने माणसाच्या कातडीला उघडे ठेवू नये, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.