पेशीविभाजन आणि केळीचा मुनवा



उमरीहून मुदखेडमार्गे नांदेडला जाऊन पुढे अर्धापूरकडे वळले, की केळीच्या बागा लागतात. या बागांत बी कोणीही पेरीत नाही. खाण्याच्या केळीत बी धरतच नाही. गरातील बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडे होत. मग बाग उभी राहते कशी? तर कंदाला फुटणाऱ्या मुनव्यापासून. आणि मुनवा फुटतो तो पेशीविभाजनामुळे.

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या केंद्रकातील गुणसूत्रांची हुबेहूब दुसरी प्रत तयार करते. मग ही गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी येतात, प्रत्येकाच्या दोन प्रती विरुद्ध टोकांकडे ओढल्या जातात आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. दोन्ही नव्या पेशींतही ती ४६च राहतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली या क्रियेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

या एकाच क्रियेची कामे तीन आहेत. तान्हे मूल वाढते, ते पेशी वाढल्यामुळे. विळ्याने बोट कापले, तर जखमेच्या कडेच्या पेशी विभागून नवी त्वचा घडवितात. आणि केळी, हळद, ऊस यांसारख्या पिकांत विभाजनातूनच कंद व डोळे फुटून नवे झाड जन्मास येते. यास अलैंगिक प्रजनन म्हणतात.

अशा झाडात मूळ झाडाचे सारे गुण उतरतात, तसेच त्याचे दुबळेपणही उतरते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जागतिक निर्यातीत ग्रो मिशेल ही केळीची जात अग्रेसर होती. सर्व झाडे एकसारखी, म्हणून पनामा मर रोगापुढे सर्वच सारखी हतबल ठरली. अखेर तिची जागा कॅव्हेन्डिश गटातील जातींनी घेतली. पर्णगुच्छ रोगाचा विषाणू तर रोगट कंदातूनही नव्या बागेत शिरतो.

ऊतिसंवर्धित रोपही प्रयोगशाळेत झालेल्या पेशीविभाजनाचेच अपत्य होय. म्हणून मातृझाड विषाणूमुक्त असल्याची तपासणी झालेली रोपेच घ्यावीत. मुनवे लावावयाचे असल्यास ते जोमदार, निरोगी बागेतूनच निवडावेत. पेशी इमानाने प्रत काढते. मूळ प्रत निवडणे मात्र शेतकऱ्याच्याच हाती आहे.